पाचाचे अठ्ठावीस

लालबागला भारतमाता सिनेमाजवळ, उड्डाणपुलाखालून, दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत अशी कल्पना करा. एकाच बनावटीच्या, सारख्याच टायरांच्या. मर्यादा ताशी 50 किलोमीटर धरू. एक गाडी बरोबर 50 वर आहे, दुसरी 55 वर. दोघींची नाकं एका रेषेत आली आणि नेमकं त्याच वेळी पुढे कुणीतरी चिवडा गल्लीकडे जायला रस्त्यात उतरलं. दोन्ही चालकांना ते एकदमच दिसलं, ब्रेकवर पाय जायला दोघांनाही एकेक सेकंद लागला, आणि दोघांनीही सारख्याच जोराने ब्रेक दाबला.

रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर पहिली गाडी साधारण 28 मीटरवर थांबते. त्या माणसाच्या पुढ्यात, पण थांबते. दुसरी गाडी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग किती असेल?

पटकन तोंडात येणारं उत्तर पाच. खरं उत्तर आहे 28. ताशी 28 किलोमीटर!

पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा काहीतरी चुकलंय म्हणून मी पुन्हा मांडलं. चुकलं नव्हतं. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि ब्रेक दर मीटरला ठरावीकच ऊर्जा गिळू शकतात. 50 चा वर्ग 2500, 55 चा 3025. पहिल्या गाडीचे 2500 संपतात त्या ठिकाणी दुसरीचे 525 शिल्लक उरतात, आणि 525 चं वर्गमूळ जवळजवळ 23. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती दीड मीटरभर पुढे गेलेली असते, म्हणून 23 चे 28 होतात. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. रस्ता कोरडा असो की जुलैच्या पावसात भिजलेला, दोघींना पकड सारखीच असेल तर तो 23 चा आकडा जागचा हलत नाही. आणि दुसरी गाडी 60 वर असती तर? त्या माणसापर्यंत ती ताशी 40 ने पोचली असती.

चलान आल्यावर घराघरांत ऐकू येणारं ‘पाचच तर जास्त होता!’ हे वाक्य या हिशेबापुढे टिकत नाही.

पण हे पाच पोलिसाला कळतात कसे? डोळ्यांना ते कळत नाहीत, आणि कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 183 वं कलम सांगतं की वेग जास्त होता असं एकट्या साक्षीदाराला वाटलं, एवढ्यावर कुणालाही दोषी धरता येत नाही. त्या अंदाजामागे यंत्राची मोजणी हवी. असं यंत्र नव्हतं तेव्हा, 1896 साली, इंग्लंडमध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या मोटारवाल्याला ताशी दोन मैलांच्या मर्यादेत ताशी आठ मैल वेगाने गेल्याबद्दल दंड झाला. जगातली वेगाची ती पहिली शिक्षा मानतात. हवालदाराने त्याला सायकलवरून पाठलाग करून गाठलं होतं.

आजच्या यंत्राचं तत्त्व ऐकायचं असेल तर करी रोड स्टेशनवर उभं राहा. न थांबणारी फास्ट लोकल भोंगा वाजवत येते, आणि पुढून निघून जाताच भोंग्याचा सूर एकाएकी खाली उतरतो. येताना ध्वनीच्या लाटा दाटीने कानावर येतात, जाताना विरळ होतात. 1842 साली डॉप्लरने हे सूत्रात मांडलं. रडारगन हेच रेडिओलहरींनी करते: गाडीवर आपटून परतलेल्या लहरीचा ‘सूर’ किती चढला ते बघते. लेझरगनची रीत वेगळी. ती प्रकाशाचे टिपके सोडते आणि ते परत यायला लागलेला वेळ मोजते. शंभर मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला प्रकाशाला एका सेकंदाचा पंधरा लाखावा भाग लागतो. असे अनेक टिपके पाठोपाठ जातात, प्रत्येक वेळी गाडी थोडी जवळ आलेली असते, आणि त्या ‘थोडी’वरून वेग निघतो. हातात धरलेल्या डब्यात एवढं मावतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

तरी यंत्रही थोडं चुकू शकतं, म्हणून काही देश सूट ठेवतात. जर्मनीत शंभरच्या आतल्या वेगातून सरळ तीन किलोमीटर वजा करतात. ब्रिटनमधल्या पोलिसांची मार्गदर्शक सूचना मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल अशी आहे. आणि एक गंमत म्हणजे आपल्या गाडीचा काटा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याने खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवला तर चालतो, कमी दाखवलेला चालत नाही. म्हणजे गनमध्ये 55 उमटले तेव्हा चालकासमोरचा काटा बहुधा त्याच्याही पुढे होता. त्याला ते दिसत होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोजणीच्या चुकीपुरती सूट द्यावी, दोन-तीन किलोमीटरची, आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरची पावती फाडावी. मात्र पोलिसांनीही आपली बाजू चोख ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली आलेला 167-अ हा नियम यंत्राला प्रमाणपत्र मागतो, कॅमेऱ्याआधी ठळक फलक मागतो, आणि 15 दिवसांत नोटीस द्यायला सांगतो. फलक झाडामागे लपला असेल तर चलान मला मान्य नाही. कोस्टल रोडवर सरळ रस्त्याला 80, बोगद्यात 60 आणि वळणांवर 40 अशी मर्यादा ठरली. तिथे पायी माणूस आडवा येत नाही, तेव्हा सरळ पट्ट्यात 84 वाल्याला पहिल्या वेळी ताकीद दिली तरी माझी हरकत नाही. गावातल्या रस्त्याला हा न्याय लावता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग 50 वरून 65 वर गेला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

आणि या पाचांतून कमाई किती? मरीन ड्राइव्हचा 3.6 किलोमीटरचा अख्खा पट्टा 50 ऐवजी 55 ने काढला तर 24 सेकंद वाचतात, तेही मधले सगळे सिग्नल हिरवे असतील तर.

परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या मधल्या रस्त्यांवर गावाहून आलेली माणसं दिवसभर इकडून तिकडे जात असतात. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, आणि नजर इमारतीवरच्या पाट्यांवर. काहींचा मुक्काम तिथल्याच फूटपाथवर असतो. त्यांच्यातलं कुणी रस्त्यात उतरलं की गाडीवाल्याच्या हाती तेच 28 मीटर असतात.