भिलाईच्या भट्टीतले इंग्रजी शब्द

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्प उभारण्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी हा सारा परिसर ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तंत्रज्ञान देणाऱ्यांची भाषा रशियन होती. आसपासच्या गावांतून आलेले मजूर छत्तीसगढी बोलत होते. पुढे देशभरातून आलेल्या कामगारांनी आपापल्या भाषा सोबत आणल्या. त्यांत मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम आणि पंजाबी अशा अनेक भाषा होत्या. एकमेकांशी बोलताना हिंदी उपयोगी पडली. तरीही कारखान्यातील वस्तूंची आणि विभागांची नावे इंग्रजीच राहिली. ब्लास्ट फर्नेस, कोक ओव्हन, प्लेट मिल, वायर रॉड मिल, शिफ्ट, स्लॅग हे शब्द तेथील कामगारांच्या घरातही सहज ऐकू येतात.

याच काळात ब्रिटिशांच्या सहकार्याने दुर्गापूरचा कारखाना उभा राहत होता. तेथे इंग्रजी शब्द असणे स्वाभाविक होते. रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईत ते कसे रुजले, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी भारतातील ब्रिटिश राजवटीत आणि काही अंशी इंग्रजी भाषेच्या स्वतःच्या इतिहासात सापडते.

वरील शब्द एकेक करून पाहिले तर हा इतिहास थरांप्रमाणे उलगडतो. 'वायर', 'रॉड', 'ओव्हन' आणि 'शिफ्ट' हे सर्वांत जुन्या थरातील शब्द आहेत. पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि जूट या जमाती ब्रिटनमध्ये येऊ लागल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा तयार झाली तिला अभ्यासक जुनी इंग्रजी म्हणतात. 'स्टील' आणि 'आयर्न' हे शब्दही तिच्यातलेच. 'मिल' मात्र मूळचा लॅटिन. जात्यासाठी आणि गिरणीसाठी असलेला हा शब्द फार लवकर इंग्रजीत आला आणि परका असल्याची खूण पुसली गेली.

ही जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजी जाणणाऱ्यालाही वाचता येत नाही. तिची रचना मात्र मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. तिच्यात तीन लिंगे होती आणि नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. दगडाला 'स्टान' म्हणत. 'दगडाचा' म्हणायचे तर 'स्टानेस', 'दगडाला' म्हणायचे तर 'स्टाने', अनेक दगड असतील तर 'स्टानास'. लिंगव्यवस्थाही मराठीइतकीच हट्टी होती. मराठीत 'मूल' नपुंसकलिंगी असते, तसा जुन्या इंग्रजीत बाईसाठी असलेला 'वीफ' हा शब्द नपुंसकलिंगी होता. आजचा 'वाइफ' तो हाच.

हे प्रत्यय गळून कसे पडले? ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला केला. पुढील शतकात त्यांच्यापैकी अनेकांनी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात कायमची वस्ती केली. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीच्या नात्यातलीच होती. शब्दांची मुळे सारखी आणि प्रत्यय वेगळे, अशी स्थिती होती. बाजारात, शेतात आणि लग्नसंबंधांत दोन्ही भाषकांना एकमेकांचे बोलणे समजून घ्यावे लागले आणि या व्यवहारात प्रत्ययांची झीज वेगाने झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय गेल्यावर कर्ता कोणता आणि कर्म कोणते हे सांगण्याचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. 'एग', 'स्काय', 'विंडो' हे शब्द नॉर्सचेच आहेत. 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेही तेथूनच आली. एखादी भाषा दुसरीकडून सर्वनामे घेते हे सहसा घडत नाही. ही देवघेव किती जवळची असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

'फर्नेस', 'प्लेट' आणि 'रेल' हे त्यानंतरच्या थरातले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि राजदरबार, न्यायालये व उमराव घराणी यांची भाषा फ्रेंच झाली. धर्म आणि विद्या यांची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती शेतकऱ्यांची आणि कारागिरांची. सुमारे तीन शतके ही परिस्थिती होती. या काळात इंग्रजीने फ्रेंचमधून हजारो शब्द उचलले. 'ब्लास्ट फर्नेस' या जोडशब्दात 'ब्लास्ट' जुन्या इंग्रजीचा आणि 'फर्नेस' फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन शब्द आहे. दोन वेगळ्या काळांतील शब्द एका नावात सांधले गेले आहेत आणि बोलणाऱ्याला सांधा जाणवतही नाही.

इंग्रजीच्या शुद्धलेखनाने अनेक पिढ्यांना छळले आहे. त्याचे कारणही इतिहासातच आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. याच सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात ही उलथापालथ चालली. छपाईने अक्षरे हळूहळू स्थिर केली, उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. भिलाईच्या फाटकावरील 'स्टील' हा शब्द इंग्रजीत दोन वेळा 'ई' हे अक्षर घालून लिहितात, कारण पूर्वी त्याचा उच्चार दीर्घ 'ए' असलेला, 'स्टेल' असा काहीसा होता. 'नाइफ' मधला मूक 'के' एके काळी खरोखर उच्चारला जात असे. देवनागरीत हे शब्द लिहिताना आपण आजचा उच्चार लिहितो आणि त्यांचा इतिहास आपोआप गाळला जातो. मराठी वाचकाची त्यात सोयच आहे.

'स्लॅग' सोळाव्या शतकात उत्तर जर्मनीतील बोलीतून आला. 'कोक' हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, खाणीच्या परिसरात वापरला जाणारा शब्द सतराव्या शतकात लेखनात दिसू लागला. त्याचे भाग्य एका भट्टीने उजळले. १७०९ मध्ये अब्राहम डार्बी याने कोलब्रुकडेल येथे लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून कच्चे लोखंड तयार केले. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने कमी खर्चात पोलाद बनवण्याची पद्धत जाहीर केली. या दोन घटनांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये रेल्वेही धावू लागली होती. यंत्रे जगभर गेली आणि त्यांची नावे त्यांच्यासोबत गेली.

भिलाईचे उत्तर येथे आहे. रशियन भाषेत झोतभट्टीला 'दोम्ना' हा स्वतःचा शब्द आहे, पण कोकला 'कोक्स' आणि रुळाला 'रेल्स' म्हणतात. इंग्रजीतील 'रेल'चे अनेकवचन रशियनांनी एकवचन समजून उचलले. सोव्हिएत अभियंते भिलाईत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या भाषेतही इंग्रजी शब्द होते. भारतीय अभियंते तर इंग्रजीतूनच शिकलेले होते. १८३५ मध्ये कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणाला दिलेल्या अग्रक्रमापासून ती परंपरा चालत आली होती. इंग्रजीचे व्याकरण सोपे म्हणून ती जगभर पसरली, असे कधी कधी सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. कोळसा, जहाजे आणि साम्राज्य यांचे बळ पाठीशी नसते, तर प्रत्यय गळालेली ही भाषा एका बेटापुरतीच राहिली असती.

शब्दांचा प्रवास उलट दिशेनेही झाला. दक्षिण भारतातील पोलादाची कीर्ती लंडनला पोहोचली तेव्हा, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन याने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर केला. त्यात 'वूट्झ' हे नाव आले. कन्नड आणि तेलुगूतील 'उक्कु' या शब्दाचे ते रूप असून, बहुधा लिहिण्या-छापण्यातील चुकीने तसे झाले. चूक रूढ झाली आणि कोशात गेली. मराठीतील मुंगूस तर सतराव्या शतकाच्या अखेरीसच इंग्रजीत शिरले. भारतातील अशा शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तयार केला. तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. भिलाईत बांधकाम चालू असताना, ऑक्टोबर १९५७ मध्ये, सोव्हिएत संघाने उपग्रह सोडला आणि 'स्पुटनिक' हा रशियन शब्द एका रात्रीत इंग्रजी झाला.

भिलाईतील पालकांपुढे आज उभा असलेला प्रश्न शब्दांच्या देवघेवीपेक्षा मोठा आहे: मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे? २०२० च्या जुलैमध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा अथवा मातृभाषा माध्यम असावी असे सुचवले. त्याच वर्षी छत्तीसगड सरकारने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. इंग्रजी शाळेचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांना ही संधी मोलाची वाटते. ज्या मुलाच्या घरी छत्तीसगढी बोलली जाते, त्याला मात्र पहिल्याच दिवशी अनोळखी भाषेत गणित समजून घ्यावे लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इंग्रजीलाही स्वतःच्या देशात अशीच वाट पाहावी लागली. १३६२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा केला, कारण पक्षकारांना फ्रेंच समजत नव्हती. तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्येच आणि न्यायालयीन नोंदी लॅटिनमध्ये राहिल्या. त्या इंग्रजीत लिहिणे बंधनकारक झाले ते १७३३ पासून, म्हणजे ३७१ वर्षांनी. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये लिहिले. छत्तीसगढीचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये तयार केले आणि जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. छत्तीसगड विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक मंजूर केले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये तिचा समावेश झालेला नाही.