थीम पार्कची लाट आणि समुद्राची लाट : कौटुंबिक सहलीला निघण्यापूर्वी

बेंगळुरू : समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरू शहरातील मल्लेश्वरम या जुन्या वसाहतीला समुद्र दोन्ही बाजूंनी सारखाच दूर आहे. पूर्वेला चेन्नई आणि पश्चिमेला मंगळुरू, दोन्ही सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तरीही शाळांना सुट्या लागल्या की येथील अनेक कुटुंबांची पावले किनाऱ्याकडे वळतात. दिवसा थीम पार्क आणि संध्याकाळी समुद्र, असा दोन-तीन दिवसांचा बेत आता मध्यमवर्गीय घरांत रुळला आहे. या बेतातील पालकांची चिंता बहुधा उंच पाळण्यांविषयी असते. प्रत्यक्षात अधिक सावधगिरी हवी असते ती संध्याकाळच्या समुद्रस्नानाच्या वेळी.

मल्लेश्वरमचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. येथील काडू मल्लेश्वर मंदिराशी छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे भोसले यांचे नाव जोडलेले असून, त्यांनी दिलेल्या दानाची नोंद करणारा १६६९ सालचा शिलालेख येथे आहे. १८९८ च्या प्लेगनंतर ही वसाहत झपाट्याने वाढली. वसाहतीच्या कडेला १८८२ मध्ये बांधलेला सँकी तलाव आहे आणि त्याच्या शेजारच्या पालिकेच्या जलतरण तलावात या परिसरातील कित्येक मुले पोहायला शिकतात. पुणे, नागपूर, हैदराबाद किंवा इंदूर येथील मुलांचेही असेच. त्यांची पाण्याशी ओळख होते ती स्थिर, मोजलेल्या खोलीच्या आणि काठावर प्रशिक्षक उभा असलेल्या पाण्यात. समुद्राशी गाठ पडते तेव्हा यांपैकी एकही गोष्ट तेथे नसते.

समुद्रकिनारी मनोरंजननगरी का वसल्या?

समुद्र आणि यांत्रिक पाळणे यांची जोडी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. औद्योगिक शहरांतील कामगारांना रेल्वेने एका दिवसात किनाऱ्यावर नेऊन परत आणणे शक्य झाले आणि त्या गर्दीसाठी किनाऱ्यालगतच करमणुकीची साधने उभी राहिली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये रोलर कोस्टरचा पूर्वज मानली जाणारी उतरणीची रेल्वे सुरू झाली. १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क आणि १९०३ मध्ये लूना पार्क आले. इंग्लंडमधील ब्लॅकपूलचे ‘प्लेझर बीच’ १८९६ चे. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट हे याच परंपरेतील आजचे नावाजलेले शहर.

भारतात दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ मध्ये सुरू झाले. समुद्रालगतच्या उद्यानाचा अनुभव मराठी कुटुंबांना मिळाला तो मुंबईतील गोराई येथे. खाडी ओलांडून ‘एस्सेलवर्ल्ड’ला जाणे ही १९८९ नंतरच्या एका पिढीची बालपणीची आठवण आहे. तेथेच १९९८ मध्ये ‘वॉटर किंगडम’ आले. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. दरम्यान २०१३ मध्ये खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ उभे राहिले. बेंगळुरूकरांना २००५ पासून म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे ‘वंडरला’ उपलब्ध आहे. समुद्र आणि उद्यान एकाच फेरीत हवे असणारी कुटुंबे चेन्नईकडे वळतात. तेथील ईस्ट कोस्ट रोडवर ‘व्हीजीपी युनिव्हर्सल किंगडम’ आणि ‘एमजीएम डिझी वर्ल्ड’ ही उद्याने समुद्राला लागून आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हैसूर-बेंगळुरू-चेन्नई मार्गावर वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाल्यापासून हा प्रवास आणखी सोयीचा झाला आहे.

पाळण्याची भीती आणि पाळण्याची रचना

रोलर कोस्टर हे भीतीचा अनुभव देण्यासाठीच रचलेले यंत्र आहे. त्यातील धोका मात्र अभियंत्याने आधीच मोजलेला असतो. चढावर ऐकू येणारा ‘खट्‌खट्‌’ आवाज हा डबे मागे घसरू नयेत म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा असतो. रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी चाके असल्याने डबा रुळावरून उचलला जात नाही. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. रेल्वेच्या सिग्नलचेच हे तत्त्व आहे.

प्रवेशद्वाराशी असलेली उंचीची पट्टी ही या रचनेचाच भाग असते. मांडीवर किंवा खांद्यावर येणारा अडसर ठरावीक आकाराच्या शरीराला धरून ठेवील असा बनवलेला असतो. त्यापेक्षा लहान मूल त्यातून निसटू शकते. ‘दोन बोटांचाच तर फरक आहे’ म्हणून कर्मचाऱ्याशी वाद घालणारा पालक त्याच्याच मुलाचे संरक्षण काढून घेत असतो. जलउद्यानात सुती कपडे, साडी किंवा ओढणी चालत नाही, यामागेही कारण आहे. सैल कापड घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकते आणि भिजून जड झाल्याने हालचालीला अडथळा आणते.

याचा अर्थ उद्यानांत अपघात होत नाहीत असा नव्हे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे पाळणा कोसळून दोघांचा मृत्यू झाला. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी गोल्ड कोस्टवरील एका प्रसिद्ध उद्यानात चौघांनी प्राण गमावले. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेमिंग झोनमधील आगीत २७ जणांचा बळी गेला. मनोरंजन हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत असल्याने परवाने आणि तपासणीची व्यवस्था राज्यागणिक बदलते. भारतीय मानक ब्युरोने पाळण्यांच्या सुरक्षिततेची मानके ठरवली आहेत. परंतु त्यांची अंमलबजावणी स्थानिक यंत्रणेवर अवलंबून असते. त्यामुळे गावच्या जत्रेतील चार दिवसांसाठी जोडलेला पाळणा आणि कायमस्वरूपी उद्यानातील पाळणा यांना एकाच मापाने मोजू नये. अडसर नीट बसतो का, कर्मचारी तो प्रत्येकाचा हाताने ओढून पाहतात का, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत का, एवढे तरी पालकांनी पाहावे.

बटणावर थांबणारी लाट

खरी गफलत होते ती जलउद्यानातील ‘वेव्ह पूल’मुळे. मोठ्या उद्यानांत या तलावाच्या खोल बाजूच्या भिंतीमागे पोकळ कप्पे असतात. त्यांत यंत्राने हवा दाबून सोडली की पाणी ढकलले जाते आणि लाट निर्माण होते. भोंगा वाजतो, दहा-पंधरा मिनिटे लाटा येतात, पुन्हा भोंगा वाजतो आणि पाणी शांत होते. तळ सपाट व एकसारख्या उताराचा असतो. काठावर जीवरक्षक असतो आणि गरज पडल्यास यंत्र तत्काळ बंद करता येते.

दिवसभर अशा लाटांत खेळलेले मूल, आणि त्याचे पालकही, संध्याकाळी समुद्रावर येतात ते लाट ही खेळण्याची गोष्ट आहे हा अनुभव घेऊन. समुद्राची लाट मात्र यंत्रातून येत नाही. तिचा तळ दर भरतीला बदलतो आणि किनाऱ्यावर आदळलेले पाणी परत जाण्यासाठी स्वतःची वाट शोधते.

ही परतीची वाट म्हणजेच ‘रिप करंट’. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे आणतात. समोर वाळूचा उंचवटा असेल तर ते सर्वत्र सारखे मागे जाऊ शकत नाही. उंचवट्यातील एखाद्या खिंडीतून ते एकवटून समुद्राकडे धावते. एरवी या प्रवाहाचा वेग बेताचा असतो, पण काही वेळा तो सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक होतो. एवढ्या वेगाने ऑलिम्पिकमधील जलतरणपटूही थोडाच वेळ पोहू शकतो. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, तो किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्या विरुद्ध पोहण्याच्या धडपडीत दमल्यामुळे.

फसवणूक अशी की, हा प्रवाह वाहतो ती जागाच सर्वांत शांत दिसते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्ये एक गडद, सपाट पट्टा असतो. लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरू पाहणारे कुटुंब नेमके तेथेच जाते.

आठवणीत राहिलेल्या घटना

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. १० डिसेंबर २०२४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुरुडेश्वर येथे कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या ४ विद्यार्थिनी बुडाल्या. दोन्ही घटनांत मुले समुद्रापासून दूरच्या भागांतून आलेली होती आणि दोन्ही वेळी पावसाळा नव्हता.

६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात पाच प्रशिक्षणार्थी डॉक्टर लाटांत ओढले गेले. त्या दिवसांत समुद्राला ‘कल्लक्कडल’ होते. या मल्याळी शब्दाचा अर्थ ‘चोर समुद्र’. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांतून उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून येतात आणि स्वच्छ आकाश, मंद वारा असतानाही किनारा गिळतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजेच ‘इन्कॉइस’ने, त्यापूर्वीच इशारा दिला होता. प्रवासापूर्वी हवामानाचा अंदाज पाहणारी कुटुंबे समुद्राचा इशारा पाहत नाहीत, ही उणीव या घटनेने दाखवून दिली.

चेन्नईच्या एलियट्स बीचवर एक पांढरी कमान उभी आहे. १९३० मध्ये बुडणाऱ्यांना वाचवताना प्राण गमावलेल्या श्मिट नावाच्या डॅनिश खलाशाचे ते स्मारक. खलाशाचे आयुष्य पाण्यावरच गेलेले असते. तरीही, हाताशी साधन नसताना दुसऱ्याला वाचवण्यासाठी उडी घेणे किती जोखमीचे आहे, याची साक्ष ती कमान देते. तेथून काही अंतरावरील मरीना किनाऱ्यावर पोहण्यास मनाई आहे. तरी लोक उतरतात आणि दुर्घटना घडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात अशा मृत्यूंची संख्या ३८ हजारांहून अधिक होती. यांत विहिरी, नद्या, तळी आणि कालव्यांतील मृत्यूही येतात.

बेत आखताना

ऋतूची निवड ही पहिली पायरी. जून ते सप्टेंबर या काळात कोकण, गोवा आणि कर्नाटकचा किनारा स्नानासाठी धोकादायक असतो. पूर्व किनाऱ्याचे गणित वेगळे आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईच्या ईशान्य मोसमी पावसाचा काळ आणि नेमक्या त्याच दिवसांत दसरा-दिवाळीच्या सुट्या येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ‘इन्कॉइस’चे उंच लाटांविषयीचे इशारे जरूर पाहावेत.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर जीवरक्षक कोठे आहे हे आधी पाहावे. गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधील पट्टा देखरेखीखालील स्नानासाठी असतो. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नये. जीवरक्षकच नसेल तर पाय भिजवण्यावर समाधान मानावे. लहान मूल नेहमी हाताच्या अंतरावर असावे. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एका वेळी एकाच मोठ्या व्यक्तीकडे, नाव घेऊन सोपवावे. ‘सगळेच पाहत आहेत’ असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात कोणीच पाहत नसते.

बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेले असते, हात पाणी खाली दाबत असतात आणि एका मिनिटाच्या आत ते दिसेनासे होऊ शकते. प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये. पाठीवर तरंगावे, हात हलवून मदत मागावी आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहून मग वळावे. काठावरच्यांनी रिकामा प्लास्टिकचा कॅन, चेंडू, दोर असे काही तरंगणारे किंवा धरता येणारे फेकावे आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे धरणे किंवा पोट दाबून पाणी काढणे चुकीचे आहे, त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे तत्काळ सुरू करावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठीचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्याचा अर्थ साधा आहे. मुलांना पोहायला शिकवण्याबरोबरच समुद्र पाहायलाही शिकवावे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाण्यात धावण्याआधी दहा मिनिटे वाळूवर बसून लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत आणि फेस कोणीकडे वाहत जातो हे मुलांबरोबर न्याहाळले, तर तेवढ्याने सहलीतला आनंद कमी होत नाही. उलट, सगळे मिळून घरी परतण्याची शक्यता वाढते.