आधी कॅमेरा जुळवा, मग लाकूड ठेवा

एका शहीद जवानाच्या घरासाठी मी सागवानी पाटी कोरत होतो. पडद्यावर नाव बरोबर मधोमध दिसत होतं. प्रत्यक्षात कोरलं गेलं 4 मिलिमीटर उजवीकडे. पाटी वाया गेली. चूक माझीच.

कॅमेरा मी 3 मिलिमीटरच्या प्लायवर जुळवला होता आणि पाटी होती 18 ची. कॅमेरा 400 मिलिमीटर उंचीवर, पाटी त्याच्या 100 मिलिमीटर उजवीकडे. पृष्ठभाग 15 ने उंचावला की एवढा फरक पडतोच. शंभर मीटरवर झीरो केलेली रायफल तीनशेवर तोच नेम धरत नाही, तसंच हे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी ठिपक्यांचा छापील कागद दाखवून भिंगाचा वाकडेपणा काढा. हे काम सहसा एकदाच. मग पुठ्ठ्यावर लेसरने खुणा करा, पुठ्ठा न हलवता फोटो घ्या आणि त्याच खुणांवर क्रमाने क्लिक करा. कॅमेरा हलला, तर हा दुसरा टप्पा पुन्हा करा.

जाडी बदलली, तर मशीनचा पाट त्यानुसार खाली-वर घ्या, म्हणजे वरचा पृष्ठभाग त्याच उंचीवर राहील. पाट हलत नसेल, तर त्या जाडीसाठी पुन्हा जुळवा. शेवटी टाकाऊ तुकड्यावर एक फुली मारून बघा.

दुसरी पाटी मी अशीच केली. नाव मधोमध आलं.