ओट्यावरची शाळा

शाळेला सुट्टी लागणे आणि शाळा बंद पडणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांत फार अंतर आहे. सुट्टीला शेवटचा दिवस असतो. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिसतो आणि त्याच्या आदल्या रात्री घरोघर दप्तरांची शोधाशोध सुरू होते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा असा शेवटचा दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. मोठ्या मुलांचे वर्ग आधी उघडले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग मात्र पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ ही मुले घरीच होती. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, ते वर्गात जाऊन बसले तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते. पहिलीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही.

आठवी-नववीच्या मुलाला निदान वाचता येते. पुस्तक हाती दिले तर तो रडतखडत का होईना, पुढे सरकतो. पहिली-दुसरीच्या मुलाचे तसे नसते. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, हे कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागते, आणि ते एकदा नव्हे तर रोज. म्हणून शाळा बंद राहण्याचा खरा घाव बसतो तो सर्वांत लहान मुलांवर.

नंदुरबार जिल्ह्यात हा घाव किती खोल जाऊ शकतो, हे समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, असे त्याचे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. याचा अर्थ असा, की सातपुड्यातल्या कित्येक घरांत दुसरी-तिसरीतले मूल हेच घरातले पहिले वाचणारे माणूस असते. ग्रामीण शाखेत नोकरी केलेल्या कोणाही बँकवाल्याला एक दृश्य सांगावे लागणार नाही. बाप अंगठा पुढे करून उभा असतो, आणि पैसे काढायची स्लिप त्याचे दहा वर्षांचे पोर, जीभ दातांत धरून, भरत असते. त्या पोराचे वाचन मागे पडले तर नुकसान एका विद्यार्थ्याचे होत नाही. त्या घराचे डोळेच जातात.

सरकार स्वस्थ बसले होते असे म्हणता येणार नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत रोजचा अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. पण तो पोहोचायचा कसा? २०२० साली ‘असर’ या सर्वेक्षणाने देशाच्या ग्रामीण भागात फोनवरून चौकशी केली, तेव्हा शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. उरलेल्या ३८ टक्क्यांचे काय, हा प्रश्न होताच. शिवाय ज्या घरी फोन होता, तेथे तो बहुधा एकच, आणि तोही बापाच्या खिशात. धडगाव भागातली मुले नेटवर्कसाठी झाडावर चढून बसल्याची छायाचित्रे त्या वर्षी आपण सर्वांनी पाहिली. पाहून हळहळलो आणि पान उलटले.

मोबाइलला पर्यायही निघाले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार भागात एका संस्थेने पाड्यापाड्यांवर ध्वनिक्षेपक नेऊन ‘बोलकी शाळा’ चालवली. मुले मोकळ्यावर अंतर राखून बसत आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे ऐकत. ही कल्पना तशी जुनीच. १९३७च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि शाळा उघडेनात, तेव्हा तेथे नभोवाणीवरून धडे दिले गेले. कोणत्या इयत्तेचा कोणता धडा किती वाजता, हे वर्तमानपत्रे छापत, आणि पालकांच्या शंकांसाठी शिक्षकांना दूरध्वनीपाशी बसवले होते.

या शेवटच्या गोष्टीत मला मर्म दिसते. धडा ऐकवणारे यंत्र मिळाले, तरी विचारायला एक माणूस लागतोच. नभोवाणी सांगते, पण ‘कळले का?’ असे विचारून मुलाच्या तोंडाकडे ती पाहत नाही. लहान मूल शिकते ते या पाहण्यामुळे.

सातपुड्यात हे माणूस पोहोचवणे सोपे नव्हते. येथले गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरे नव्हेत. एक पाडा या टेकडीवर, दुसरा ओढा ओलांडून त्या टेकडीवर. नर्मदाकाठच्या काही गावांना तर सरदार सरोवराच्या पाण्यातून होडीनेच जावे लागते. आश्रमशाळांची मुले वसतिगृहे बंद झाल्यामुळे आपापल्या पाड्यांवर परतली होती. आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ या नावाने पुस्तके घरपोच करण्याचा आणि शिक्षकांना मुलांकडे पाठवण्याचा उपक्रम हाती घेतला. जेथे शिक्षक गेले आणि गावातल्या बारावी झालेल्या एखाद्या मुला-मुलीला हाताशी धरले, तेथे घराच्या ओट्यावर पाच-सहा मुलांची शाळा भरू शकली. फळा नाही, घंटा नाही. पण समोर विचारणारे कोणी होते.

त्या ओट्यावर आणखी एक गोष्ट सोपी झाली, ती भाषेची. पावरी, मावची, वसावी अशा बोली घरात बोलणारे मूल शाळेत गेले की एकदम पुस्तकी मराठीसमोर उभे राहते. त्याला अक्षर कळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला शब्दच कळलेला नसतो. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी याच खोऱ्यात जीवनशाळा सुरू केल्या, त्या मुलांची बोली आणि परिसर हाताशी धरून. ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्दाकडे न्यायचे, हा धडा करोनाच्या कितीतरी आधी येथे गिरवला गेला होता.

म्हणून मला वाटते, घरी शिकवणे म्हणजे शाळा उचलून घरात आणणे नव्हे. आपण शहरातल्या घरांत तेच केले. सकाळी साडेसातला गणवेश घालून मुलाला पडद्यासमोर बसवले, शेजारी आई छडी नसलेली बाई झाली, आणि दोघेही दुपारपर्यंत रडकुंडीला आले. याउलट ज्या आईला अक्षर येत नाही, ती समजते की आपल्याला शिकवताच येणार नाही. दोन्ही समजुती चुकीच्या. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणारी बाई टोपल्या मोजते, दिवसाची मजुरी जोडते, उचल वजा करते. हे गणितच आहे. पाच-पाच मोहाच्या फुलांचे ढीग करायला सांगितले की पाचाचा पाढा ओसरीवर तयार होतो. आजीने रात्री गोष्ट सांगावी आणि सकाळी नातवाने ती आपल्या शब्दांत परत सांगावी. त्यातले एक वाक्य थोरल्या बहिणीने वहीत लिहावे, धाकट्याने त्यावर बोट ठेवून वाचावे. आईने फक्त रोज म्हणावे, ‘आज काय वाचलंस, मला वाचून दाखव.’ तिला स्वतःला वाचता येत नसले, तरी मूल कोठे अडखळते हे तिच्या कानाला बरोबर कळते. अर्धा तास पुरतो. मात्र तो रोज हवा.

हा अर्धा तास ज्यांना मिळाला नाही, त्यांचा हिशेब पुढे आला. २०२२च्या ‘असर’मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभरांपैकी जेमतेम २०-२१ मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येत होता, २०१८ साली हेच प्रमाण २७ होते. बँकेत थकीत हप्त्यावर व्याज चढते, आणि मग व्याजावर व्याज. शिक्षणातही तसेच आहे. तिसरीत वाचन राहिले की चौथीतले शाब्दिक उदाहरण कळत नाही. ते कळले नाही की पाचवीत मूल मागच्या बाकावर सरकते. आणि एके दिवशी घरात वाक्य ऐकू येते, ‘त्याचं शाळेत मन लागत नाही.’ मग ऊसतोडीला गुजरातेत निघालेल्या टोळीत दोन हात वाढतात. मुलगी असली तर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम तिची वाट पाहतच असते.

वीस महिने घरी राहिलेली ती मुले आता प्राथमिक शाळा ओलांडून गेली आहेत. प्रश्न त्यांच्यापुरता नाही. सातपुड्यात ओढ्याला पूर आला की पाड्यावरच्या मुलाची शाळा बंद होते. दिवाळीनंतर आईबाप मजुरीला निघाले की त्याच्यापुरती ती पुन्हा बंद होते. जानेवारी २०२२ मध्ये करोनाच्या नव्या लाटेने काही दिवसांसाठी तर बहुतेकांचीच पुन्हा बंद झाली होती. त्या वेळी मुलांजवळ बसणारे माणूस पाड्यावर आधीपासून हवे. शाळेने ते हेरून ठेवावे, ग्रामपंचायतीने त्याला चार पैसे द्यावेत, आणि पाच-पन्नास गोष्टीची पुस्तके त्याच्या घरी पेटीत असावीत. खर्च फार नाही. रस्त्याच्या एखाद्या लहानशा पुलाहूनही कमीच येईल.

आणि आपण, ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, वीज आहे, नेटवर्क आहे? आपल्याही घरी पहिली-दुसरीतले कोणीतरी असेलच. आज रविवार. त्याला जवळ घ्या, हे वर्तमानपत्र त्याच्या हातात द्या आणि मोठ्या अक्षरातली एक ओळ वाचायला सांगा. अडखळले तर लगेच शब्द सांगू नका, थोडे थांबा. मग विचारा, म्हणजे काय रे?