गाऱ्हाणें कोणापाशीं सांगावें?

मोठ्या कुटुंबांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस एक अनुभव खास आठवत असेल. दोघां चुलतभावंडांचें भांडण जुंपे. एक जण रडत रडत आजोबांच्या खोलीकडे धांव घेई, आणि आतां दुसऱ्याची चांगली खोड मोडणार या आशेनें सारी हकीकत सांगे. आजोबा मात्र चष्मा वर करून एवढेंच विचारीत, "हें तूं त्याला सांगितलेंस का? तो काय म्हणाला?" त्या वेळीं हा प्रश्न फार कोरडा वाटे. पुढें कळतें कीं, न्यायाची पहिली पायरी तीच होती. आजोबा हातांत छडी घेत नसत. परंतु दोन्ही बाजू ऐकून घेऊन "चूक तुझी आहे" असें त्यांनीं चारचौघांत म्हटलें, म्हणजे ते शब्द छडीहून अधिक लागत.

घराबाहेरच्या व्यवहारांत असा वडीलधारा कोठून आणावा? अर्ज कचेरींत महिनोन् महिने पडून राहिला, पत्रास उत्तर आलें नाहीं, नियमाप्रमाणें मिळावयाचें तें मिळालें नाहीं, तर सामान्य गृहस्थानें काय करावें? न्यायालयाची पायरी चढणें खर्चाचें, आणि मुकाट्यानें सोसणें मानहानीचें. या अडचणींतून कांहीं देशांनीं जी वाट काढली, तिचें नांव ओम्बुड्समन. इंग्लंडांतील स्थानिक कारभाराकरितां नेमलेला हा अधिकारी तक्रारीची दाद कशी घेतो, हें आज वाचकांस सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा शब्द स्वीडिश असून त्याचा अर्थ प्रतिनिधि किंवा मुखत्यार असा आहे. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स हा लढाईंत पराभूत होऊन तुर्कांच्या मुलखांत आश्रयास राहिला असतां, मागें आपले अधिकारी कायद्यानें वागतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें १७१३ सालीं असा एक मुखत्यार नेमला. परंतु तो राजाचा मनुष्य होता. १८०९ च्या राज्यघटनेनें तेथील पार्लमेंटनें निवडावयाचा स्वतंत्र ओम्बुड्समन निर्माण केला, आणि या संस्थेचा खरा इतिहास तेथून सुरू होतो. फिनलंडनें १९१९ च्या घटनेंत तिचा स्वीकार केला. डेन्मार्कमध्यें १९५५ सालीं व न्यूझीलंडमध्यें १९६२ सालीं ती आली. ब्रिटननें १९६७ मध्यें मध्यवर्ती सरकारच्या खात्यांसाठीं असा अधिकारी नेमला, आणि १९७४ च्या कायद्यानें इंग्लंडांतील स्थानिक कौन्सिलांच्या कारभारासहि ही व्यवस्था लागू झाली. २०१० पासून खाजगी संस्थांकडून होणारी वृद्धांची व अपंगांची देखभालहि तिच्या कक्षेंत आली.

आरंभीं या कायद्यांत एक मोठी उणीव होती. तक्रार कौन्सिलच्या एखाद्या सभासदामार्फत पाठवावी लागे. ज्या घराविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच घरच्या माणसाच्या हातीं चिठ्ठी देण्यासारखाच हा प्रकार! १९८८ च्या कायद्यानें ही अट निघाली. आतां कोणीहि नागरिक स्वतः लिहूं शकतो. त्यास फी पडत नाहीं आणि वकीलहि लागत नाहीं.

उदाहरणादाखल असें समजूं कीं, एका बाईचा मुलगा मंदगति आहे व त्यास शाळेंत विशेष साहाय्य पाहिजे. २०१४ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणें, अशा मुलासाठीं योजना करावयाची ठरल्यास ती मागणी आल्यापासून २० आठवड्यांच्या आंत कौन्सिलनें पुरी करावयाची असते. येथें मात्र वर्ष उलटलें तरी योजनेचा पत्ता नाहीं. मुलगा घरीं बसला आहे. आईनें नोकरी सोडली आहे. आणि प्रत्येक पत्रास "चौकशी चालूं आहे" हें एकच उत्तर. मुलाच्या वयाचें तें वर्ष कोणी परत आणून देणार नाहीं, हें त्या माउलीस पुरतें ठाऊक आहे. ती ओम्बुड्समनकडे लिहिते.

तेथें पहिला प्रश्न आजोबांचाच होतो: कौन्सिलला आधीं सांगितलें काय, आणि उत्तर देण्यास तिला वाजवी अवधि दिला काय? दुसरा प्रश्न मुदतीचा. घडलेली गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांच्या आंत तक्रार यावी असा नियम आहे. सबळ कारण असल्यास तो शिथिल करतां येतो. तिसरा प्रश्न असा कीं, यासाठीं दुसरें न्यायासन आहे काय? बाईचें म्हणणें "योजना वेळेवर झाली नाहीं" असें असेल, तर तें ओम्बुड्समनचें काम. परंतु योजना झाली व तींत लिहिलेली शाळा पसंत नाहीं, असें म्हणणें असेल, तर त्यासाठीं निराळें न्यायमंडळ असून तिनें तेथें जावें हें बरें. तसेंच गांवांतील बहुतेक सर्वांसच जी गोष्ट सारखी बाधते, तिची दाद येथें लागत नाहीं; ती निवडणुकींत मागावयाची.

चौकशी सुरू झाली म्हणजे पाहावयाचें तें दोनच गोष्टींचें: कारभारांत दोष घडला काय, आणि त्यामुळें या व्यक्तीस अन्याय सोसावा लागला काय? दोषाची व्याख्या कायद्यानें मुद्दामच केलेली नाहीं. १९६६ सालीं या विषयावर पार्लमेंटांत बोलतांना मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनीं पक्षपात, हेळसांड, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी अशी एक यादीच दिली होती, व तीच पुढें मार्गदर्शक झाली. येथें एक मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. निर्णय योग्य रीतीनें घेतलेला असेल, तर "मीं असतों तर निराळें ठरविलें असतें" असें म्हणण्याचा अधिकार ओम्बुड्समनला नाहीं. निर्णय कसा घेतला, हें तो पाहतो. निर्णय काय घेतला, याचा तो धनी नव्हे. ही मर्यादा प्रथमदर्शनीं निराशाजनक वाटते. परंतु लोकांनीं निवडलेल्या कौन्सिलवर दुसरा मालक बसवावयाचा नसेल, तर ती आवश्यकच आहे.

मर्यादा असली तरी चौकशीचे अधिकार लहान नाहींत. कागदपत्र मागविण्याच्या व साक्षी घेण्याच्या बाबतींत त्यास उच्च न्यायालयासारखेच अधिकार आहेत. चौकशी खाजगी रीतीनें होते, आणि अहवालांत तक्रार करणाराचें नांव सहसा येत नाहीं. दोष आढळल्यास तो उपाय सुचवितो: क्षमायाचना करावी, राहिलेलें काम अमुक दिवसांत पुरें करावें, झालेल्या हानीबद्दल कांहीं रक्कम द्यावी, आणि पुन्हां असें घडूं नये म्हणून कार्यपद्धति सुधारावी. हा शेवटचा उपाय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण एका आईच्या पत्रानें पुढच्या कित्येक आयांचा त्रास वांचतो.

आणि कौन्सिलनें ऐकलें नाहीं तर? तर ओम्बुड्समनच्या हातीं छडी नाहीं. त्याची शिफारस न्यायालयाच्या हुकुमासारखी बजावतां येत नाहीं. मात्र त्यानें अहवाल प्रसिद्ध केला म्हणजे तो लोकांस पाहावयास खुला ठेवावा लागतो, व तीन महिन्यांच्या आंत कौन्सिलनें त्याचा विचार करून आपण काय केलें हें कळवावयाचें असतें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर दुसरा अहवाल. आणि त्यानंतरहि हट्ट चाललाच, तर त्या भागांत खपणाऱ्या वर्तमानपत्राच्या दोन अंकांत, पंधरवड्याच्या आंत, सारी हकीकत कौन्सिलला छापावयास लावतां येते. चारचौघांत "चूक तुझी आहे" असें म्हणण्याचीच ही रीत नव्हे काय?

आपल्याकडे ही कल्पना परकी राहिलेली नाहीं. 'लोकपाल' हा शब्द लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनीं १९६३ सालीं रूढ केला. १९६६ सालीं प्रशासन सुधारणा आयोगानें लोकपाल व लोकायुक्त यांची शिफारस केली. आणि महाराष्ट्रानें १९७१ चा कायदा करून १९७२ सालीं लोकायुक्ताची कचेरी उघडली. त्या कायद्यानें 'गाऱ्हाणें' व 'आरोप' असे दोन भेद केले होते, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. पहिलें कारभारांतील दोषानें झालेल्या अन्यायाचें, दुसरा अधिकाराच्या दुरुपयोगाचा. २०२३ सालीं विधिमंडळानें नवा कायदा संमत केला. म्हणून अर्ज करणारानें त्या वेळीं कोणते नियम लागू आहेत तें प्रथम पाहून घ्यावें.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें आज इंग्लंडांत संसार थाटून आहेत. बाकीच्यांस येथल्याच कचेऱ्यांशीं गांठ आहे. दोघांसहि उपयोगी पडेल असें सांगणें थोडकेंच आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्राची नक्कल ठेवावी व तारीख टिपून ठेवावी. कोणाशीं काय बोलणें झालें तें त्याच दिवशीं लिहावें. रागाचे शब्द गाळून, काय घडलें, त्यानें काय हानि झाली आणि आपणांस काय पाहिजे, या तीन गोष्टी एका पानांत सांगाव्या. घरांतील वडील माणसांस हें जमत नसेल, तर शिकलेल्या सुनेनें किंवा नातवानें लेखणी हातीं घ्यावी. हेंहि एक गृहकृत्यच आहे.

अशी तक्रार करणें म्हणजे कटकट करणें नव्हे. ज्या आईनें आपल्या मुलाच्या वायां गेलेल्या वर्षाबद्दल शांतपणें पत्र लिहिलें, तिनें कौन्सिलचा अपमान केला नाहीं. तिला तिच्या कर्तव्याची आठवण करून दिली. मात्र पत्र लिहिण्यापूर्वीं आजोबांचा तो जुना प्रश्न मनाशीं एकदां विचारून पाहावा: "हें तूं त्याला सांगितलेंस का?" त्याचें उत्तर कागदावर तारखेसह देतां आलें, म्हणजे अर्धें काम झालेंच.