अपुरे जहाज विकण्याची विद्या

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचे किट म्हणजे जहाजाचे सुटे भाग, आराखड्याचे कागद आणि जोडणीची पुस्तिका असा एका खोक्यात मावणारा संच, ही व्याख्या दुकानदाराला पुरते. किट तयार करणाऱ्याला मात्र ती पुरत नाही. त्याच्या दृष्टीने किट ही मुद्दाम अपुरी ठेवलेली वस्तू असते, आणि कोणते काम कारखान्यात उरकून द्यायचे व कोणते गिऱ्हाइकाच्या हातांसाठी राखायचे, हाच या व्यवसायातला मूळ प्रश्न असतो. सगळेच करून दिले तर शोभेची वस्तू विकल्यासारखे होते आणि नुसते लाकूड व आराखडा दिला तर खोके लवकरच माळ्यावर जाते. १९४६ साली न्यू जर्सीत सुरू झालेल्या ‘मॉडेल शिपवेज’ने प्रारंभी यंत्रावर ढोबळ कोरलेला भरीव लाकडी ठोकळा देऊन त्याला आकार आणण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले होते, पुढे डेन्मार्क, इटली व स्पेनमधील कंपन्यांनी जहाजाच्या आडव्या छेदांच्या आकाराच्या लाकडी पडद्यांवर पट्ट्या चढवून बांधण्याची रीत घरोघरी नेली. लेझरने लाकूड कापणारी यंत्रे आणि संगणकावरील रेखाटन आवाक्यात आल्यापासून हेच काम एक-दोन माणसांचा छोटा व्यवसायही करू शकतो, आणि त्यामुळे मूळ प्रश्न सुटण्याऐवजी अधिक धारदार झाला आहे, कारण यंत्र आता जवळजवळ काहीही कापून देऊ शकते.

हा प्रश्न एखाद्या ठरावीक जहाजावर तपासून पाहणे सोयीचे ठरते आणि मराठी वाचकासाठी ‘ट्रिंकोमाली’ हे फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेले तीन डोलकाठ्यांचे वेगवान लढाऊ जहाज, त्याला विशेष योग्य आहे. ब्रिटिश नौदलासाठी ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधले गेले, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्याचा आराखडा ब्रिटिशांनी १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवर आधारलेला होता. मुंबईकडे निघालेली आराखड्याची पहिली प्रत ज्या ‘जावा’ जहाजावर होती ते डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकले, त्यामुळे नवी प्रत पाठवावी लागली, म्हणजे वाडियांच्या मिस्त्र्यांचे कामही दूरदेशी कोणीतरी काढलेल्या कागदावरच अवलंबून होते. किट तयार करणाऱ्याला याच जहाजाबाबत आणखी एक निर्णय आधी घ्यावा लागतो, तो सालाचा, कारण १८४०च्या दशकात तोफा कमी करून जहाजात फेरफार झाले आणि १८१७चे व या फेरफारांनंतरचे ‘ट्रिंकोमाली’ ही प्रतिकृतीच्या हिशेबाने दोन वेगळी जहाजे ठरतात.

ब्रिटिश नौदलाचे जुने आराखडे सर्वसाधारणपणे एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात काढलेले असतात आणि त्यांत तीन दृश्ये असतात: बाजूने दिसणारी बाह्याकृती, वरून दिसणारी अर्धी रुंदी आणि समोरून-मागून पाहिलेले आडवे छेद. तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब असलेले हे जहाज १:४८ प्रमाणात घेतले तर नुसत्या मजल्याची लांबी ९५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, १:९६ घेतले तर ती ४८ सेंटिमीटरांवर येते पण कप्प्या आणि दोऱ्या बोटांत धरवत नाहीत; म्हणून ७१ सेंटिमीटर देणारे १:६४ हे प्रमाण मधला मार्ग ठरते. कागद दोनशे वर्षांत सगळ्या दिशांनी सारखा आक्रसत नाही, त्यामुळे छायाप्रत थेट लहान-मोठी न करता लांबी आणि रुंदी यांची स्वतंत्र पडताळणी ज्ञात मापांशी करावी लागते. त्याहून अवघड बाब अशी की आराखड्यातील रेषा फासळ्यांची बाहेरची कड दाखवतात, फळ्या त्यावर वेगळ्या चढतात. मूळ जहाजाच्या तळाच्या फळ्या तीन-चार इंचांच्या धरल्या तर १:६४ मध्ये त्यांची जाडी सव्वा ते दीड मिलिमीटर होते. किटमध्ये मात्र दीड मिलिमीटरचा आतला आणि एक मिलिमीटरचा बाहेरचा असे दोन थर असतात. पडदे रेषेबरहुकूम कापले तर जहाज दोन्ही बाजूंनी सुमारे एक-एक मिलिमीटर फुगते, म्हणून प्रत्येक पडद्याची कड तेवढी आत घ्यावी लागते. ही वजाबाकीही सर्वत्र सारखी नसते, कारण नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, फळी पडद्याला तिरपी भेटते आणि तिरपी मोजलेली जाडी काटकोनात मोजलेल्या जाडीपेक्षा अधिक भरते.

या पडद्यांना व्यवसायात बल्कहेड म्हणतात. ते जहाजाच्या आडव्या छेदांच्या आकाराचे, प्लायवूडमधून कापलेले तुकडे असतात आणि मधोमध उभ्या केलेल्या कण्याच्या खाचांत बसतात. लेझरची शलाका कापताना स्वतःच्या जाडीइतके लाकूड जाळून टाकते. ही चीर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते, त्यामुळे कागदावर ३ मिलिमीटर काढलेली खाच प्रत्यक्षात ३.१५ मिलिमीटर निघू शकते. बाजारात ३ मिलिमीटर म्हणून मिळणारे प्लायवूड एका खेपेत २.९ तर दुसऱ्या खेपेत ३.२ मिलिमीटर भरते, म्हणून काळजीपूर्वक काम करणारा कारखानदार प्रत्येक नवी खेप व्हर्नियरने मोजतो आणि खाचांची रुंदी संगणकावर पुन्हा बसवतो. सैल खाचेत बल्कहेड डुलतो आणि कणा वाकतो, घट्ट खाचेत तो ठोकून बसवताना प्लाय उकलते. चांगल्या रचनेत खाच अशी ठेवलेली असते की तुकडा अंगठ्याच्या दाबाने बसावा, गोंदाशिवाय तसाच उभा राहावा आणि चुकीच्या जागी बसूच नये; यासाठी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक कोरण्याबरोबरच शेजारच्या खाचांची खोली किंचित वेगळी ठेवण्याची युक्ती वापरता येते.

खरा कस लागतो तो कडांच्या उतारात. लेझर नेहमी उभाच कापतो, तर जहाजाचे अंग नाळेकडे आणि पिछाडीकडे वळत जाते. त्यामुळे पुढच्या बल्कहेडवर पट्टी ठेवली तर ती त्याच्या पूर्ण जाडीवर न टेकता एकाच धारेवर टेकते आणि दुसऱ्या बाजूला उजेडाची पाचर दिसते. तीन मिलिमीटर जाडीच्या बल्कहेडपाशी फळी ४० अंशांनी वळत असेल तर एका कडेवरून सुमारे अडीच मिलिमीटर लाकूड पॉलिशपेपरने घासून काढावे लागते. हे घासणे कारखान्यात करणे परवडत नाही आणि गिऱ्हाइकाला नुसते ‘नीट उतार काढा’ असे सांगणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. म्हणून बल्कहेडच्या सपाट तोंडावर लेझरनेच एक पुसट रेघ कोरली जाते, जिच्यापर्यंत घासायचे आणि जिच्यापुढे हात न्यायचा नाही. शिवाय लेझरने कापलेली कड काळी असल्यामुळे घासताना काळा पट्टा जसजसा अरुंद होत जातो तसतसा उतार आपोआप दिसू लागतो. काळ्या कडेवर गोंद नीट धरत नाही, ती घासावीच लागते, आणि एरवी दोष मानला जाणारा हा जळका थर येथे मापनाचे साधन म्हणून कामाला येतो. श्रम गिऱ्हाइकाचेच राहतात, पण ते कुठे थांबवायचे हे रचनाकाराने आधी ठरवून ठेवलेले असते.

पट्ट्या चढवण्याच्या टप्प्यावरही हीच वाटणी पुन्हा करावी लागते. जहाजाच्या पोटाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेजवळ लहान असतो. समजा मधल्या बल्कहेडची एका बाजूची कड १२० मिलिमीटर भरली तर ५ मिलिमीटर रुंदीच्या २४ पट्ट्या लागतात, आणि नाळेजवळ तीच कड ७२ मिलिमीटर असेल तर त्याच २४ पट्ट्या तेथे ३ मिलिमीटरपर्यंत निमुळत्या कराव्या लागतात. नवशिका हे गणित टाळून सरळ पट्ट्या चिकटवत जातो आणि पुढे त्या एकमेकींवर चढू लागल्या की मध्येच पाचरी घालतो. याला दोन उत्तरे आहेत. पहिल्यात सरळ पट्ट्याच देऊन प्रत्येक बल्कहेडवर विभागणीच्या खुणा कोरल्या जातात. दुसऱ्यात प्रत्येक पट्टी तिच्या वळणासह रुंद तावातून कापून दिली जाते. दुसरा मार्ग सोपा वाटतो, परंतु त्यात लाकूड जास्त वाया जाते आणि पट्टीचे वळण लाकडाच्या रेषांना छेदत असेल तर ती तिथेच मोडते. बहुतेक अनुभवी रचनाकार आतल्या थराला पहिला आणि बाहेरच्या थराला दुसरा उपाय योजतात, म्हणजे चुका आतल्या थरात होतात, तिथेच घासून निघतात, आणि डोळ्यांना दिसणारा थर सुबक राहतो.

लाकडाच्या निवडीत एक विसंगती उघड होते. ‘ट्रिंकोमाली’ सागवानाचे असले तरी त्याची प्रतिकृती सागवानात करणे हा चांगला पर्याय नाही. सागाच्या वार्षिक वलयांत मोठ्या नलिकांच्या रांगा असतात. पाव मिलिमीटर व्यासाचे असे छिद्र १:६४ प्रमाणात सुमारे १६ मिलिमीटरच्या भोकासारखे दिसते, आणि सागातील तेलामुळे गोंदही नाखुशीने धरतो. त्यामुळे ज्यांच्या नलिका बारीक आणि सर्वत्र सारख्या पसरलेल्या असतात अशी लिंडेन, पेअर, बॉक्सवूड यांसारखी लाकडे जगभर वापरली जातात, आणि आपल्याकडचा पिवळसर, घट्ट विणीचा हेदू याच गुणांमुळे त्यांच्या जोडीला बसू शकतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत अखंड लाकडाचा पातळ ताव रुंदीने फुगतो आणि कोरड्या हवेत पुन्हा आटतो, म्हणून तो कापण्यापूर्वी पुरेसा मुरवणे आणि किटमध्ये लाकडाच्या रेषांच्या दिशेचा विचार करणे हे कारखान्याचे काम ठरते. ते गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही.

दोरखंडांचा हिशेब वेगळाच असतो. शिडाच्या काळातील ब्रिटिश नौदल दोराचे माप व्यासाने न देता घेराने देत असे. चार इंची दोर म्हणजे घेर चार इंच, व्यास सव्वा इंचाहून जरा जास्त, आणि १:६४ मध्ये अर्धा मिलिमीटर. ही रूपांतराची पायरी विसरल्यास प्रतिकृतीवरील दोर तिपटीने जाड निघतात आणि सारे जहाज जड वाटू लागते. शिवणकामाच्या रिळाचा दोरा लुसलुशीत आणि पिळाशिवाय दिसतो, म्हणून छोटे कारखाने तीन पदर एकत्र पिळणारे हातयंत्र चालवून दोर स्वतः वळतात: डोलकाठ्यांना ताणून धरणारे, डांबर लावलेले दोर काळपट आणि शिडे हलवणारे दोर फिक्या रंगाचे. हे काम गिऱ्हाइकाला सहसा दिले जात नाही, कारण त्यासाठी लागणारे यंत्र घरी नसते. त्याउलट दोर कप्प्यांतून ओवण्याचे काम पूर्णपणे त्याच्याकडे सोडले जाते, कारण त्यात वेळ लागत असला तरी हौशी माणसाला खरा आनंद तेथेच मिळतो. यावरून श्रमविभागणीचा एक निकष हाती येतो: ज्या कामाला खास साधन लागते ते कारखान्याने करावे, ज्याला केवळ वेळ आणि संयम लागतो ते गिऱ्हाइकासाठी ठेवावे.

या निकषाची परीक्षा नमुना बांधताना होते. रचनाकाराने स्वतः बांधलेला पहिला नमुना फक्त तुकडे जुळतात की नाही एवढेच सांगतो, कारण त्याच्या हातांना न लिहिलेल्या गोष्टीही ठाऊक असतात. दुसरा नमुना, पुस्तिकेखेरीज काहीही न सांगता, मध्यम हात बसलेल्या त्रयस्थाने बांधला तरच कोठे वाक्य अपुरे आहे आणि कोठे क्रम उलटा आहे हे कळते. तोफांच्या खिडक्यांच्या चौकटी पट्ट्यांच्या आधी बसवायच्या की नंतर, यासारखा एक क्रम चुकला तर पुढचे अनेक तास वाया जाऊ शकतात. म्हणून पुस्तिका लिहिणे हा रचनेचाच शेवटचा भाग आहे आणि तिच्यावर लागणारा वेळ रेखाटनाच्या वेळेहून फारसा कमी नसतो.

व्यवसायाचे गणित याच वेळेवर उभे असते. रचना, नमुने आणि पुस्तिका यांत एका माणसाचे एक वर्ष गेले असे धरले आणि तीनशे खोकी विकली गेली, तर प्रत्येक खोक्यावर एका दिवसाहून थोडे अधिक श्रम पडतात. शंभरच विकली तर साडेतीन दिवसांहून अधिक पडतात, आणि लाकूड व यंत्राचा खर्च त्यापुढे गौण ठरू शकतो. लेझर एका खोक्याला चार तास घेत असेल तर आठ तासांच्या दिवसात दोनच खोकी निघतात आणि शंभरांच्या एका खेपेला पन्नास दिवस यंत्र अडकते, म्हणून खेप संपण्याच्या बरेच आधी पुढची सुरू करावी लागते. खोक्याची लांबी सर्वांत लांब पट्टीने ठरते आणि कुरिअर कंपन्या बहुधा आकारमानाला ५००० ने भागून निघणाऱ्या वजनाचे भाडे घेतात. ६२ × २५ × ८ सेंटिमीटरचे खोके प्रत्यक्षात हलके असले तरी अडीच किलोच्या आसपास मोजले जाते. कणा दोन-तीन तुकड्यांत कापून, एकमेकांत अडकणाऱ्या दातांनी जोडण्याची प्रथा केवळ यंत्राच्या मेजाच्या आकारामुळे नव्हे तर या भाड्यामुळेही रूढ झाली आहे. तुटलेला किंवा हरवलेला तुकडा पुन्हा पाठवणे हा कायमचा खर्च असतो, आणि कापणीची फाइल कोणालाही सहज नकलता येत असल्यामुळे नक्कल झालीच तर छोट्या कारखानदारापाशी स्वतःची पुस्तिका, दोर आणि विक्रीनंतरची मदत एवढेच भांडवल उरते.

म्हणूनच महाराष्ट्रात असा व्यवसाय उभा करायचा असेल तर आरंभ फ्रिगेटपासून करणे शहाणपणाचे नाही. न्यू जर्सीतीलच ‘सायरन’ या छोट्या कंपनीने १७४२ सालच्या ‘मेडवे’ या लाँगबोटीचे, म्हणजे जहाजासोबत असणाऱ्या मोठ्या होडीचे, १:२४ प्रमाणातले किट बाजारात आणले. अशा होडीत तुकडे कमी, दोर कमी आणि पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते. कोकण किनाऱ्याच्या बाबतीत फ्रेंच नौदल अधिकारी फ्रान्स्वा-एदमों पारी यांनी १८४०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फत्तेमारी या किनाऱ्यावरील मालवाहू शिडाच्या जहाजाची मोजून काढलेली रेखाटने आहेत. दोनच डोलकाठ्या, थोडे दोर आणि पुढे झेपावणारी नाळ असलेली फत्तेमारी अशा पहिल्या किटला सोयीची ठरावी. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल आंग्रे यांच्या गुराब या लढाऊ जहाजांबाबत अडचण निराळी आहे; येथील मिस्त्री कागदावर आराखडा न काढता अनुभवाने बांधत, त्यामुळे गुराबाचे किट काढणाऱ्याला रचनेआधी संशोधकाचे काम करावे लागेल आणि पुस्तिकेत कोणता भाग पुराव्यावर व कोणता अनुमानावर बेतला आहे हे सांगावे लागेल. पैसे खोके विकले जाताच मिळतात, जहाज पूर्ण झाल्यावर नाही, हे खरे; परंतु दुसरे खोके तोच घेतो ज्याचे पहिले जहाज पुरे झाले आहे, आणि छोट्या कारखान्याचा जम अशा गिऱ्हाइकांवरच बसतो. अपुरेपणा किती ठेवायचा हे ठरवताना रचनाकाराने हा हिशेब नजरेआड होऊ देता कामा नये.