नर्सताईंच्या मनावरचं ओझं

लसीकरणाच्या दिवशी नर्सताई तुटक बोलल्या, की आपण घरी येऊन म्हणतो, "सरकारी पगार मिळतो ना, म्हणून एवढा तोरा!" आम्हीही असंच म्हणायचो. आज त्यांच्या कामाकडे जरा नीट पाहू या.

सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. तेवढ्या वस्तीतल्या गरोदर बायांची तपासणी, बाळांच्या लसी, कुटुंब नियोजन, साथीचे आजार हे सगळं नर्सताईंकडे. शिवाय तीच माहिती रजिस्टरमध्ये लिहायची आणि मोबाईलवरही भरायची. दिवसा रेंज नसली, तर ते काम रात्रीवर जातं.

पण नुसतं काम जास्त असल्यानं मन खचतं असं नाही. लंडनमध्ये १९८५ साली दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. आपल्याला वाटेल, ताण साहेबांनाच जास्त. पण हृदयाचे आजार खालच्या पायरीवरच्या लोकांत जास्त आढळले. त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्याच कामावर आपला ताबा नसणं.

आता हे नर्सताईंना लावून बघा. उद्दिष्ट वरून ठरतं. लस कमी आली तर लोकांची बोलणी त्या खातात. आकडा कमी पडला तर बैठकीत चारचौघांत जाब त्यांनाच. जे आपल्या हातात नाही, त्याचा दोष रोज अंगावर आला की माणूस आतून पोखरतो. त्यात रात्री-अपरात्री एकटीनं दार उघडायची धास्ती. मग झोप उडते, चिडचिड होते, सकाळी कामावर जाऊच नये असं वाटतं.

म्हणून उद्धटपणा सोसायचा का? नाही. तक्रार जरूर करावी. पण "ताई, तुम्हाला काय कमी पडतंय?" हेही विचारावं. उपकेंद्रात दिवा, पाणी, संडास, दाराला नीट कडी आहे का, हे गटानं जाऊन पाहावं. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडावा. लसीकरणाच्या दिवशी गटातल्या दोघींनी रांग सांभाळली, तरी त्यांना श्वास घेता येतो. आणि काम चांगलं झालं, तर तेही ग्रामसभेत सर्वांसमोर सांगावं.

मन फारच जड झालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फोन मोफत, दिवसरात्र सुरू. नर्सताई, आशाताई, अंगणवाडीताई आणि आपणही, कुणीही लावू शकतं.

त्यांचं मन ठिकाणावर राहिलं, तर आपल्या लेकीसुनांची बाळंतपणंही सुखरूप होतील. येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.